निळी, पिवळी, जांभळी

मावशी ऐकायला बसल्या की घरातला फ्रिज बंद व्हायचा. फ्रिज चांगला नवाकोरा, दोन दारांचा, बर्फाचे तुकडे आपोआप ग्लासात पाडणारा. पण संध्याकाळ झाली की मावशी आधी त्याचा प्लग काढायच्या. "तो कोमल निषाद धरून बसतो," त्या म्हणायच्या, "आणि मला आज शुद्ध हवाय." मैफल संपेपर्यंत आइस्क्रीमचं सरबत झालेलं असायचं. काका ते कपात ओतून घ्यायचे आणि निमूट प्यायचे.

न्यू जर्सीत पिस्कॅटवेला त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते. दोन हजार चार साली नागपूरहून वर्क व्हिसावर आलेली, एका इन्शुरन्स कंपनीत टेस्टर. शेजारच्या खोलीत मुंबईची शलाका. मावशींनी आमची नावं कधी तोंडात घेतली नाहीत. "नागपूर, खाली ये." "मुंबई, तुझा तो केस वाळवायचा भोंगा बंद कर." शलाका सुरुवातीला चिडायची. "यार, मी काय रेल्वे स्टेशन आहे?" पण तीही पुढे खालून 'मुंबई' अशी हाक आली की पटकन ओ द्यायला लागली.

खोली बघायला गेले तो दिवस आठवतो. मावशींनी दारातच विचारलं, "घोरतेस का?"

"नाही."

"फोनवर मोठ्यानं बोलतेस?"

"आईशी बोलते तेव्हा."

"ते चालेल."

मग त्यांनी मला हॉलमधल्या एका खुर्चीत बसवलं, माझ्या हातातल्या दोन बांगड्या काढून एका वाटीत ठेवायला लावल्या आणि कुठलंसं गाणं लावलं. मला शास्त्रीय संगीतातलं ओ का ठो कळत नव्हतं. आमच्या घरी रेडिओ होता तो बातम्यांसाठी आणि सिनेमाच्या गाण्यांसाठी. स्वयंपाकघराच्या दारातून काका मला 'घाबरू नको' अशा खुणा करत होते. पाच मिनिटांनी मावशींनी गाणं थांबवलं. "काय ऐकू आलं?"

काय सांगणार बाप्पा! खरं होतं ते सांगून टाकलं. "तबला सुरू व्हायच्या आधी कुणीतरी खाकरलं."

मावशी वळून काकांकडे बघायला लागल्या. "ऐकलंत? इतकी वर्षं हे गाणं कानावर पडतंय, तुम्हाला कधी ऐकू आलं होतं?" खोली मला मिळाली. माझ्या आधी आलेल्या मुलीनं म्हणे "खूप छान वाटलं, रिलॅक्सिंग आहे" असं सांगितलं होतं. तिला चहा पाजून वाटेला लावलं गेलं.

मावशी मूळच्या मिरजेच्या. वडील तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर, पण घर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. लहानपणी अभ्यासाला बसलं की बाहेर कोणी ना कोणी तानपुऱ्याची जवारी काढत असायचं. म्हणजे घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा हळूहळू सरकवत राहायचं, आणि एका नेमक्या जागी तो आला की मुकी तार एकदम झणकारायला लागते. त्या झणकाराला जवारी म्हणतात, हे मला मावशींकडूनच कळलं. त्या स्वतः गाणं शिकल्या नव्हत्या. रसायनशास्त्र शिकल्या, लग्न करून इकडे आल्या, आणि निवृत्त होईपर्यंत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गोळ्यांची गुणवत्ता तपासत राहिल्या. पण माणसंसुद्धा त्या जवारीवरून मोजायच्या. शलाका "जरा चढी लागलीय, उतरवायला हवी." माझा "दोरा अजून जागेवर आलेला नाही." आणि काका? "तुमचे काका म्हणजे बंद जवारी. मार खाऊनही वाजायचे नाहीत."

काका याच्यावर हसायचे. रस्ते बांधणीच्या खात्यात आयुष्य गेलेला, शांत, उंच माणूस. हॉलमध्ये टीव्ही होता, पण त्याचा आवाज बंद ठेवण्याची अट होती. इतक्या वर्षांत काकांना बातम्या वाचणाऱ्या बाईच्या ओठांवरून वादळ कुठे धडकणार ते कळायला लागलं होतं.

गाण्याची यंत्रणा म्हणजे घरातलं दैवतच. काचेच्या दिव्यांचा जुना ॲम्प्लिफायर होता. मावशी त्याला 'दिवेवाला' म्हणायच्या. तो तापायला वेळ लागतो म्हणून भाताचा कुकर लावतानाच तो सुरू व्हायचा. खांद्याला लागतील एवढे दोन स्पीकर त्यांनी एका निवृत्त प्राध्यापकाच्या गराज सेलमधून आणले होते. एक 'थोरली', एक 'धाकटी'. सोफा भिंतीला समांतर नव्हता, तिरपा होता, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो सरळ करायला जायचा. "हात लावू नका!" असं मावशी स्वयंपाकघरातून, न बघता ओरडायच्या.

"ऐकणं हे काम आहे," त्या म्हणायच्या. "कपड्यांच्या घड्या घालताना करायचं नाही."

अडचण सुरू झाली ती ओक ट्री रोडवरच्या त्यांच्या नेहमीच्या दुकानानं शास्त्रीय संगीताच्या सीडी ठेवणं बंद केलं तेव्हा. त्या फळीवर आता फोन कार्डं आणि सिनेमाच्या डीव्हीडी आल्या. घरातली कपाटं तर आधीच भरून वाहत होती. काका म्हणाले, "यापुढे एक सीडी आत आली की एक भांडं बाहेर जाईल." त्याच सुमारास मावशींचा मुलगा, निखिल, शिकागोला एका नव्या कंपनीत लागला होता. ही कंपनी दर महिन्याला वर्गणी घेऊन इंटरनेटवरून गाणी ऐकवायची. गाणं विकत घ्यायचं नाही, घरात ठेवायचं नाही, पाहिजे ते शोधायचं आणि लावायचं.

"म्हणजे गाणं भाड्यानं," मावशी म्हणाल्या. कल्पना त्यांना आवडली. त्या स्वतः घरमालकीण, त्यामुळे भाडेकरूला काय काय विचारायचं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक.

पण मुलाची कंपनी म्हणून डोळे मिटून घेतील तर त्या मावशी कसल्या? अशा कंपन्या आणखीही दोन निघाल्या होत्या. स्क्रीनवरच्या चित्रांच्या रंगांवरून त्यांची बारशी झाली. निखिलची ती निळी, दुसरी पिवळी, तिसरी जांभळी. वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून एक लांबलचक वायर जिन्यावरून चिकटपट्टीनं चिकटवत खाली आणली गेली. खाली एक छोटा डबा, आणि त्या डब्यातून गाणं दिवेवाल्याकडे. काका पहिल्याच आठवड्यात त्या वायरीत अडकून तीन पायऱ्या बसत बसत उतरले. मावशी धावत आल्या आणि आधी वायर तपासली.

तिन्ही कंपन्या पहिले दोन आठवडे फुकट ऐकवायच्या. मावशींसारख्या माणसाला दोन आठवड्यांत काय समजणार? मुदत संपली की त्या माझा ईमेल वापरायच्या, मग शलाकाचा, मग काकांचा. काका संपल्यावर त्यांनी देवळातल्या सत्संगात येणाऱ्या बायकांना गाठलं. शलाकाच्या ऑफिसच्या ईमेलवर एक दिवस जांभळीचं पत्र आलं, 'तुम्हाला धृपद आवडतं असं आम्हाला वाटतं.' तिच्या मॅनेजरनं विचारलं, हे औषध कशावरचं आहे?

या कंपन्यांना आपलं संगीत कुठल्या खणात टाकावं हेच कळत नव्हतं. गाणाऱ्याच्या जागी 'अननोन आर्टिस्ट', तबलजीचं नाव गायक म्हणून. जांभळीनं यमन रागाची एक अख्खी मैफल येमेन देशाच्या लोकसंगीतात नेऊन ठेवली होती. मावशींनी त्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला. डनीस नावाची बाई होती, बिचारी फार गोड.

"मॅम, आवाज नीट येतोय ना?" असं तिनं इंग्रजीत विचारलं.

"आवाजाचा प्रश्नच नाही," मावशी त्यांच्या मिरजेच्या इंग्रजीत म्हणाल्या. "प्रश्न संध्याकाळचा आहे. येमेनचं नंतर बघू, पण तुम्ही हा राग मॉर्निंग योगाच्या यादीतही घातलाय. सकाळी सहाला कोणी दिवेलागणी करतं का?"

डनीसनं सुपरवायझरला विचारते म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशीही. पुढे पुढे डनीसच फोन उचलल्यावर म्हणायची, "आज कुठला देश?"

निखिल यायचा तो नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो इथेच जन्मलेला, तिशीच्या अलीकडचा. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर अर्धंमुर्धं इंग्रजीत. न्यूयॉर्कच्या एका बँकेतली पक्की नोकरी सोडून तो या गाण्याच्या कंपनीत गेला, तेव्हा काकांनी त्याच्याशी बरेच दिवस बोलणं टाकलं होतं. "नोकरी सोडून रेडिओचं दुकान काढलंय त्यानं," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. घरात त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या त्या एकट्या मावशी. "गाण्याचं काम आहे, जाऊ दे त्याला," एवढंच म्हणाल्या होत्या. म्हणून तो आईच्या मतावर फार विसंबून होता.

त्या वर्षी जेवायला मसालेभात, अळूवडी आणि दुकानातून आणलेला पम्पकिन पाय होता. जेवणं उरकल्यावर मावशींनी जाहीर केलं, "आता परीक्षा." तिन्ही कंपन्यांकडे मिळेल असं एकच गाणं शोधण्यात त्यांचे कित्येक दिवस गेले होते. एका वयस्क गायकाचा संध्याकाळचा राग, आधी आलाप, मग बंदिश. छोट्या डब्यावर त्यांनी चादर टाकली, म्हणजे रंग दिसायला नको. रिमोट माझ्या हाती. पहिली, दुसरी, तिसरी असं ओळीनं लावायचं, कुठली कोणती ते फक्त मला ठाऊक. फ्रिज बंद, फोन उचलून बाजूला, शलाकाच्या बांगड्या वाटीत. निखिल गालिच्यावर मांडी घालून बसला होता, आरामात, हसत. त्यानं ऑफिसात सांगून ठेवलं होतं की माझी आई आपली गिऱ्हाईक होणार आहे.

पहिली लावली. ती पिवळी. "गोधडी पांघरून गातोय," मावशी डोळे मिटूनच म्हणाल्या. "पण गातोय सलग."

दुसरी, जांभळी. आवाज झळाळता, तार न् तार वेगळी. पण अधूनमधून गाणं थांबून विचार करायला लागायचं आणि गायक तोंड उघडं ठेवून उभा. "नेटचा दोष असेल," निखिल उदारपणे म्हणाला.

मग तिसरी. आवाज सुरेख होता, अगदी मलाही कळावं इतका. तानपुरा खोलीभर पसरला. गायक एकेक पायरी चढत वरच्या षड्जाशी आला, तिथे थांबला, आणि आता तो बंदिश उचलणार तोच सगळं बंद. तानपुरासुद्धा. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात बंदिश सुरू. आलाप आणि बंदिश ही दोन वेगळी गाणी म्हणून ठेवलेली होती, आणि एक संपून दुसरं लागेपर्यंत मध्ये श्वासभर काहीच नव्हतं.

मावशींनी डोळे उघडले. "पाणी स्वच्छ आहे, पण ऐन वेळी नळ जातो. ही तिसरी बाद. शेवटचा नंबर."

मी रिमोट हातात धरून तशीच बसले. शलाका माझ्याकडे बघत होती. काका म्हणाले, "मला तिन्ही सारख्याच वाटल्या," पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"चादर काढ," मावशी म्हणाल्या.

डब्यावरचं चित्र निळं होतं.

निखिल आधी हसला, मग त्याचं हसू विरलं. "आई, इट्स वन सेकंड," तो म्हणाला. "वन सेकंड! कोणी इतकं ऐकत नाही. नोबडी लिसन्स लाइक दॅट."

"मी ऐकते."

"तू एकटी! आम्ही लाखो लोकांसाठी काम करतो, अँड ऑनेस्टली, आमच्या टीमनं सहा महिने घालवलेत या साउंडवर, तुला कल्पना आहे का की..."

मावशी उठल्या आणि त्याच्या वाक्याच्या मध्येच त्याच्या तोंडावर हात ठेवला. अगदी हलकेच. मग काढला. "एकच सेकंद ठेवला," त्या म्हणाल्या. "कसं वाटलं?"

काकांना हसू फुटलं. तेच नको होतं. निखिलचा चेहरा लाल झाला. "आय टोल्ड एव्हरीबडी," तो आवाज चढू न देता म्हणाला, "की आई तरी यस म्हणेल." तो वर गेला, दार लावलं, आणि रविवारपर्यंत राहणारा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळचा नाश्ता न करता विमानतळावर गेला.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. मावशींनी दिवेवाला लावणंच सोडून दिलं. फ्रिज अखंड सुरू राहिला. दूध टिकलं, आइस्क्रीम कडक राहिलं, काकांनी टीव्हीचा आवाज मोठा केला तरी कोणी ओरडलं नाही. काकांनीच तो दोन दिवसांनी पुन्हा बंद केला. "बरं नाही वाटत," ते मला म्हणाले. शिकागोहून दर रविवारी येणारा फोन आला नाही. एकदा काकांनी जेवताना विषय काढला. "अगं, चांगली आहे म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? कुठली कंपनी आहे ते तुला थोडंच माहीत होतं!"

मावशींनी त्यांच्या पानात भात वाढला. पण नंतर भांडी विसळताना मला म्हणाल्या, "माहीत होतं."

"काय?"

"तिसरी त्याची होती ते. पहिल्या सुरालाच कळलं. महिनाभर ऐकतेय मी, कळणार नाही?"

माझ्या हातातली थाळी तशीच राहिली. "मग तरी तुम्ही..."

"मग काय करू? हे त्याच्या कामाला रेडिओचं दुकान म्हणतात. ऑफिसातले लोक छान छान म्हणतात. मी पण छान म्हणाले तर त्याच्या कामाकडे नीट कान देणारं राहिलं कोण?" त्यांनी नळ बंद केला. "हात नव्हता ठेवायला पाहिजे तोंडावर. ते चुकलं."

ख्रिसमसच्या आधी एका संध्याकाळी माझ्या मोबाइलवर निखिलचा फोन आला. आईच्या नाही, माझ्या. मी स्वयंपाकघरात होते, मावशी पोळ्या लाटत होत्या.

"हे, तू टेस्टर आहेस ना?" तो म्हणाला. "ती गॅप नेमकी कुठे येते सांगशील? आमचे इंजिनियर म्हणतात, गॅप नाहीच आहे."

"कोण आहे?" मावशी.

"निखिल."

लाटणं थांबलं. "विचार, जेवलास का?"

"जेवलास का विचारतायत."

"टेल हर आय ॲम ॲट वर्क."

"कामावर आहे म्हणतोय."

"मग कामावर जेवत नाहीत?"

असा तिघांचा संवाद बराच वेळ चालला. त्यातून कळलं ते असं, की त्यांचा प्रोग्रॅम प्रत्येक गाण्याच्या शेवटी उरलेली शांतता कापून टाकायचा. गायक थांबला की मागे उरायचा नुसता तानपुरा, आणि प्रोग्रॅमला वाटायचं गाणं संपलं, ही नुसती खरखर आहे; ती कापली की पुढचं गाणं लागेपर्यंत मध्ये काहीच उरायचं नाही.

मी हे मावशींना सांगितलं. "खरखर?" त्यांनी पिठाचा हात पदर नसलेल्या स्वेटरला पुसला आणि माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "निखिल! तानपुरा म्हणजे खरखर?"

"आय नो, आई. आय नो. पण मी त्यांना कसं एक्स्प्लेन करू? मला ऐकू येतं, सांगता येत नाही."

 मावशींनी फोन ओट्यावर ठेवला, त्याचा स्पीकर लावायला मला खूण केली आणि म्हणाल्या, "नागपूर, सा धर."

"मी?"

"तू तानपुरा. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. मुंबई, ये गं खाली, तू पण!"

शलाका धावत आली. आम्ही दोघींनी, पोळपाटाच्या शेजारी उभं राहून, जमेल तसा सा धरला. मावशी त्याच्यावर गाऊ लागल्या. मी त्यांना गाताना पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज पातळ होता, वयानं थोडा कापरा, पण सूर असा काही लागला की आमचाही सा आपोआप सरळ झाला. एकेक स्वर चढत त्या वरच्या षड्जापर्यंत गेल्या आणि तिथे पोचताच आम्हाला हातानं खूण केली, गप्प! आम्ही थांबलो. त्यांचा आवाज एकटा लोंबकळत राहिला आणि पडला.

"ऐकलंस? पायाखालची फरशी काढून घेतली," त्या फोनला म्हणाल्या. "आता न थांबता." आम्ही पुन्हा सा धरला. या वेळी षड्जावर त्या थांबल्या तरी खालून आम्ही होतोच, आणि त्या थांबण्यातसुद्धा गाणं चालू आहे असं माझ्यासारखीलाही वाटलं. मग त्यांनी बंदिशीचं पहिलं अक्षर उचललं.

 पलीकडून एक अनोळखी, जाडसर, अमेरिकन आवाज आला. "कुड यू डू दॅट वन मोअर टाइम, प्लीज?"

मावशी दचकल्या. "हा कोण?"

"माझा बॉस," निखिल म्हणाला. "आई, सॉरी, स्पीकरवर आहेस. सगळी टीम आहे इथे."

मावशींनी झटकन केसांवरून हात फिरवला आणि स्वेटरची बटणं नीट लावली. शलाका तोंड दाबून हसत जिन्यात जाऊन बसली. काका दारात उभे होते, कधी आले कोण जाणे. त्यांनी स्वतःहून गॅस बारीक केला, तव्यावरची करपलेली पोळी उतरवली आणि म्हणाले, "गा. विचारतायत ना ते. गा."

त्या गायल्या. त्या संध्याकाळी एकूण चार वेळा गायल्या, चौथ्या वेळी बॉसनं आपल्या बायकोलाही लाइनवर घेतलं होतं. फोन ठेवायच्या आधी निखिल निव्वळ मराठीत म्हणाला, "आई, जेवलो मी." मावशी म्हणाल्या, "बरं," आणि उरलेल्या पोळ्या लाटायला घेतल्या. पोळपाटाकडे बघत त्या बराच वेळ नाक ओढत होत्या.

वसंतात निळीची नवी आवृत्ती आली. मावशींनी दिवेवाला तापवला, फ्रिजचा प्लग काढला, आम्हाला बसवलं. आलाप षड्जाशी आला, थांबला, खाली तानपुरा तसाच वाहत राहिला, बंदिश उठली. मावशींनी शिकागोला फोन लावला. "ठीक," त्या म्हणाल्या.

"ओन्ली ठीक?" पलीकडून.

"ठीक म्हणजे ठीक. आता दुसरं सांगते. त्या सतारीच्या रेकॉर्डवर..." आणि अर्धा तास बोलत राहिल्या. त्यांनी वर्गणी निळीची भरली. काका आल्यागेल्याला सांगायला लागले की आमचा मुलगा म्युझिकच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, अमेरिकेत तानपुरा त्यानं आणला. मावशी दुरुस्ती करायच्या, "आणला नाही, कापायचा थांबवला." डनीसलाही एक निरोपाचा फोन झाला. तिनं यमन येमेनमधून सोडवून आणला होता.

पुढे माझं लग्न ठरलं, नवऱ्याची नोकरी ओहायोत, म्हणून मी तिथल्या डब्लिन गावी आले. घर घेतल्यावर नवऱ्यानं विचारलं, गाण्यासाठी कुठली सर्व्हिस घेऊ या? मी म्हटलं, थांब, तज्ज्ञांना विचारते. पण विचारायचं राहून गेलं, आणि दोन हजार आठच्या हिवाळ्यात बातमी कानावर आली की निळी बंद पडली. वर्गणीदारांना एक ईमेल आला होता. महिनाअखेर सगळं जाईल, तुम्ही जमवलेल्या याद्याही.

मी शनिवारी सकाळी मावशींना फोन लावला.  त्यांनी त्या निळीत वर्षानुवर्षं काय काय जमवलं होतं, रागवार, प्रहरवार, मला माहीत होतं.

"मावशी, ऐकलं मी. सगळी गाणी गेली ना?"

"गेली," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, रडतायत. "अगं नागपूर, जरा हळू बोल. निखिल आलाय. सगळं सामान घेऊन आलाय. काल रात्रभर ड्राइव्ह केलं त्यानं. वर तुझ्या खोलीत झोपलाय."

"कसा आहे?"

"उतरलाय. पण काकांनी पोचल्याबरोबर जवळ घेतलं त्याला, एक अक्षर बोलले नाहीत. आत्ता जिन्यात बसलेत. कोणी वर जायला नको म्हणून."

"आणि गाण्याचं काय करणार आता? दुसरी कुठली घेणार?"

"बघू. दोन-तीन नव्या निघाल्यात म्हणे. निखिलला सगळ्यांच्या खोडी माहीत असतील." मग पलीकडे पावलं वाजली, मावशींनी फोनवर हात ठेवून कोणाला तरी काहीतरी सांगितलं, आणि पुन्हा कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "आज काही लावलं नाही मी. तो उठू दे. मग दोघं मिळून बसू ऐकायला."